जोड कच्चा नव्हता

बाई, तुमचा जोड कच्चा नव्हता. हे एकच वाक्य सांगायला बसले आहे, आणि ते ऐकायला तुम्ही नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "ठाऊक आहे ना, मग कागद कशाला नासतेस?" नासते मी कागद. माझे आहेत. परतूरच्या रेस्ट हाऊसवर बसलेय, जालन्याकडची गाडी संध्याकाळी आहे, मोंढ्याच्या बाजूनं सरकीचा वास येतोय, आणि तुमच्याशी बोलायचं तर ते याच गावातून बोलायचं असं सकाळपासून डोक्यात घेतलं आहे. पत्र टाकायचं कुठं हा प्रश्न नंतरचा.

इथं आले कामासाठी. काल इथल्या कॉलेजच्या गच्चीवर आम्ही एक यंत्र बसवलं. पालथ्या कढईएवढा अँटेना, खाली एक पेटी, पेटीतून वायर खोलीतल्या कॉम्प्युटरला. वर फिरणारे उपग्रह सारखे संदेश सोडत असतात, ते वाटेत किती रखडले, किती थरथरले हे ती पेटी टिपून ठेवते. तिथले फिजिक्सचे सर तरुण आहेत, इथलेच. म्हणाले, "मॅडम, उपग्रह तर बराबर डोक्यावर. मधे डोंगर न्हाई, झाड न्हाई. मंग संदेश बिघडतो कशानं?" मी तोंड उघडलं आणि जो आवाज निघाला तो तुमचा होता. "बिलकुल बराबर विचारलंत," मी म्हणाले, "मधे आयनांबर आहे."  माझं हे रोजचं बोलणं आहे, त्याचाच पगार घेते, आणि काल त्या गच्चीवर मी तेवढंच म्हणून खाली बसले. सरांना वाटलं ऊन लागलं. त्यांनी पाणी आणून दिलं.

आयनांबर हा शब्द मी पहिल्यांदा तुमच्या अक्षरात वाचला. नववीचा वर्ग, वर पत्रे, तुम्ही फळ्यावर पृथ्वीचा गोल काढलात, त्याच्याभोवती वातावरणाचे थर, आणि वरच्या बाजूला एक तुटक रेघ. "इथली हवा अगदी विरळ. उन्हानं तिच्यातले इलेक्ट्रॉन सुटे होतात. हा थर म्हणजे आरसा समजा. कोलंबोहून निघालेली रेडिओची लहर वर जाते, आरशाला लागून खाली येते, म्हणून तुमच्या घरी गाणं वाजतं." पुस्तकात एवढंच होतं आणि तुम्हालाही एवढंच शिकवलेलं होतं. आरसा. जी लहर त्या आरशाच्याही वरून निघते, त्याच्यातून आरपार होऊन आपल्याकडं येते, तिचं वाटेत काय होतं हे त्या पुस्तकात नव्हतं आणि तुमच्या हैदराबादच्या कॉलेजात तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्या पानावर दोन ओळी जास्त असत्या तर तुम्ही मरेपर्यंत स्वतःला बोल लावला नसतात. माझा राग आहे तो त्या दोन ओळींवर.

तुम्ही एकट्या राहायचात, घरमालकीण काकूंच्या माळवदावरच्या खोलीत. गावाला तुमच्याबद्दल बोलायला विषय भरपूर. लग्न का केलं नाही, घड्याळ उजव्या हातात का घालतात, आकडेमोड करताना ओठांतल्या ओठांत उर्दूत काय पुटपुटतात. त्यात तुमच्या भावानं हैदराबादच्या जुन्या बाजारातून मिलिटरीचा एक मोडका रेडिओ रिसीव्हर घेतला आणि रेल्वेनं पाठवून दिला. स्टेशनवरून तो हातगाडीवर आला, दोन हमालांनी जिन्यातून वर चढवला, आणि काकूंनी गल्लीभर सांगितलं की बाईंनी शिलाई मशीन मागवलं. कित्येक महिने तुम्ही तो दुरुस्त करत होतात. माझं दहावीचं वर्ष होतं, आत्याकडं राहून मी शिकत होते, आणि शाळा सुटली की आत्याच्या आधी तुमच्याकडं. तार कशी सोलायची, जोडावर वितळवलेलं सोल्डर कधी चकचकीत दिसतं आणि कधी भुरकट, ते मी त्या खोलीत शिकले. भुरकट दिसलं की जोड कच्चा. वरून धरलेला दिसतो, आतून वीज जाईल तर शपथ. "तुटलेला जोड परवडला, तो दिसतो तरी," असं तुम्ही म्हणायचात.

रशियातल्या हौशी लोकांनी छोटे उपग्रह सोडलेत आणि ते जाता-येता मोर्सच्या टिपक्यांत आपली खबर देतात, असं तुमच्या भावानं पाठवलेल्या कुठल्याशा मासिकात होतं. झालं. तुम्ही तांब्याची लांब तार आणलीत, दोन तेलाच्या डब्यांत वाळू भरून त्यात बांबू उभे केलेत, आणि शाळेतलं होकायंत्र लावून तार बांधलीत बरोबर पूर्व-पश्चिम. तार मधोमध कापून तिथून वायर खाली रिसीव्हरला. तो मधला जोड तुम्ही स्वतः केलात, मला हात लावू दिला नाहीत. पुढं कितीतरी दिवस नुसती खरखर. आणि मग एका दुपारी, मी खिडकीत बसून बोरं खातेय, त्या खरखरीच्या आतून एक बारीक शिट्टी येते. टी टी टा टी. तुम्ही माझं मनगट धरता, इतकं घट्ट की बांगडी फुटते. "ऐकून राह्यली का? ही वरून येऊन राह्यली." एरवी तुम्ही पुस्तकी बोलायचात, त्या दिवशी एकदम आमच्यासारखं बोललात. ते मला फार आवडलं होतं.

मग तुम्हाला वेडच लागलं, आणि तुमच्यापायी मला. शाळेतला पृथ्वीगोल खोलीवर आला. त्याच्याभोवती दोऱ्याचं कडं घालून तुम्ही उपग्रहाचा रस्ता काढायचात, तो कधी उगवणार, कधी मावळणार ते मांडायचात. दोन्ही वेळा चुकायच्या. तुमच्या गणितानं तो अजून क्षितिजाखाली असायचा आणि शिट्टी सुरू झालेली असायची. तुमच्या गणितानं तो कधीच मावळलेला असायचा आणि शिट्टी आपली चालूच. "माझंच चुकतंय कुठंतरी," म्हणून तुम्ही पुन्हा मांडायला घ्यायचात. बाई, गणित बरोबर होतं. तो खरंच मावळलेला असायचा. आयनांबर त्या लहरीला वाकवतं आणि क्षितिजाच्या खालून आणून आपल्या पदरात टाकतं, आणि आपण म्हणतो, आहे की अजून. त्या सालांत सूर्यही जोरात होता, आणि आपला मुलुख असा की इथं तो थर भलताच दाट असतो. हे एक झालं.

दुसरं जास्त वाईट. शिट्टी कधी एकसारखी यायचीच नाही. चढायची, उतरायची, पार बुडायची, परत वर यायची. उपग्रह डोक्यावर म्हणजे सगळ्यात जवळ, तेव्हा ती सगळ्यात मोठी यायला हवी. तर कधी कधी नेमकी तेव्हाच ती मिनिट-दोन मिनिटं गडप. तुमचं निदान ठरलेलं होतं, जोड कच्चा. तुम्ही तो किती वेळा वितळवून पुन्हा केलात त्याला गणती नाही. काकूंच्या कुरडयांची गंमत तुम्ही विसरला नसाल. उन्हाळा लागला, काकूंना माळवदावर जागा पुरेना, त्यांनी सरळ आपले दोन्ही डबे सरकवले आणि बांबू दुसऱ्या भिंतींना नेऊन लावले. आपली तार झाली दक्षिणोत्तर. त्या दिवशी शिट्टी डोक्यावर बुडलीच नाही, बुडली ती भलत्याच वेळी. मी म्हणाले, "बाई, आज डोक्यावर गेली न्हाई." तुम्ही म्हणालात, "योगायोग," आणि होकायंत्र काढलंत. काकूंशी तुमचं चांगलंच वाजलं. "काकू, माझी तार हलवायची नाही. कुरडया हलवा." काकू म्हणाल्या, "बाई, तार तळून खाता येती का?" मग तुम्ही एक डबा उचललात, मी एक उचलला, आणि आपण तार होती तशी पूर्व-पश्चिम करून ठेवली. सगळं उत्तर त्या दुपारी माळवदावर वाळत पडलं होतं, बाई, आणि आपण दोघींनी ते उचलून जागच्या जागी नेऊन ठेवलं.

आता माझ्या वडिलांचं. घरची काळी जमीन, कापूस, ज्वारी, गावात शब्दाला वजन. मुलीला दहावीपर्यंत शिकवली हेच भावकीला डोईजड झालं होतं. आपला जिल्हा नुकताच वेगळा झाल्ता, जालन्याला नवीन नवीन काय काय होऊन राह्यलं होतं, आणि तुमच्या मनात एकच, की हिला अकरावी सायन्सला जालन्याला धाडायचं. बाजारच्या दिवशी तुम्ही त्यांना मोंढ्यात गाठलंत. कापसाच्या गाड्यांमधे उभ्या राहून तुम्ही बोललात आणि ते खाली बघून ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, पोरगी म्हणती आभाळातून आवाज येतो. लोक म्हणत्यात बाईनं पोरीला नादी लावलं. मला एक बार ऐकवा. माझ्या कानानं ऐकलं म्हंजी कुणाला बी तोंड द्यायला मी मोकळा. मंग धाडतो जालन्याला." मला आजही त्यात वावगं काही वाटत नाही. त्यांना भावकीपुढं टाकायला एक गोष्ट हवी होती, आणि ती आपल्याजवळ होती.

मे महिना. दहावीची परीक्षा होऊन गेलेली. उन्हं कलली आहेत, काकूंनी माळवदावर पाणी मारलंय, वडील बाजेवर बसलेत, धोतर नवं. तुम्ही इस्त्रीची साडी नेसलात आणि दर थोड्या वेळानं घड्याळ बघताय. शिट्टी येते, तुमच्या गणिताच्या जरा आधीच. तुम्ही त्यांच्या हातात हेडफोन देता. ते टोपी काढून मांडीवर ठेवतात. बाहेरच्या माणसांसमोर त्यांना बोडकं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ऐकतात, आणि त्यांचं तोंड हळूहळू वेगळंच होत जातं. "बोलून राह्यलं की हे," ते म्हणतात. "काय म्हणतंय?" तुम्ही म्हणता, "आपली खबर सांगतंय. किती तापलं, किती गार पडलं." वडील हसतात. "म्हंजी आमच्यावाणीच." माझा जीव भांड्यात पडला. जालन्याच्या वसतिगृहातली खाट मला दिसायलाही लागली होती.

आणि उपग्रह डोक्यावर येतो, आणि शिट्टी बुडते. वडील वाट बघतात. मग हेडफोन जरासा सरकवून रिसीव्हरवरच्या दिव्याकडं बघतात, लाईट गेली की काय म्हणून. दिवा चालू. "गेलं का?" तुम्ही म्हणता, "नाही, डोक्यावरच आहे." "डोक्यावर हाय तर बोलंना का?"  तुमचा चेहरा मी त्या आधी तसा पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. तुम्ही उठता, पकड घेता, आणि तो मधला जोड कापून टाकता. सोल्डरिंगची इस्त्री तापत घालता. ती मेली काही केल्या तापत नाही. मी तार धरून उभी आहे, वडील आपले हेडफोन घालून नुसती खरखर ऐकत बसलेत, उठून गेलं तर बरं दिसणार नाही म्हणून. जोड होईतो उपग्रह पार निघून गेला. त्यांनी हेडफोन नीट खाली ठेवला, टोपी घातली. "बाई, तुमची मेहनत दिसली. पण भावकीला काय सांगू? थोडं वाजलं आन् बंद पडलं? यंदा ऱ्हाऊ द्या." तुम्ही म्हणालात, "कसूर माझ्या जोडाची आहे. पोरीची नाही." ते म्हणाले, "आसंल," आणि एस.टी. धरायला गेले.

मी गावी परत आले. खुरपण, शेण, पाणी. आईला बरं वाटलं, हाताशी पोरगी आली. मी कुणाशी धड बोलत नव्हते. आणि शाळा सुरू झाल्यावरच्या पहिल्याच रविवारी, मी दारात भांडी घासतेय, तर फाट्याकडून छत्री घेऊन तुम्ही चालत येताय. खांद्याला पिशवी. "अकरावीची पुस्तकं आहेत. हात धू आणि बस." त्यानंतर रविवार म्हणजे तुम्ही. परतूरहून एस.टी.नं फाट्यापर्यंत आणि तिथून पायी. ओसरीवर माणसं असायची म्हणून आपण आत चुलीपाशी बसायचो. तरफ तुम्ही उलथन्यावर शिकवलीत, दाब फुंकणीवर. आई भाकरी थापता थापता ऐकायची. एकदा तुम्ही हौसेनं थापायला बसलात तर भाकरीचे तीन तुकडे परातीत. आई म्हणाली, "बाई, आमच्या पोरीला आभाळ दावता आन् तुमाला भाकर फिरवता येईना." तुम्ही इतक्या हसलात की ठसका लागला. मी तुम्हाला शाळेत असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. ते तीन तुकडे तुम्हीच ठेच्याशी खाल्लेत.

एका रविवारी माझं डोकं फिरलं होतं. दिवसभर वेचणी करून बोटं चिरलेली, तुम्ही त्रिकोणमिती काढून बसलात, आणि मी म्हणाले, "कशाला येता बाई, वर्ष तर गेलंच." तुम्ही पुस्तक मिटलंत. "वर्ष गेलं ते माझ्या हातानं गेलं. ते मला भरून द्यायचंय. तू मधे बोलायचं काम नाही." आवाज चढला नव्हता, पण आईच्या हातातली भाकरी तव्यावर करपली. मी पुस्तक उघडलं. वडील ओसरीवरून हे सगळं ऐकत असायचे आणि कधी चकार शब्द काढायचे नाहीत. रस्त्याला चिखल झाला तेव्हा फाट्यावर बैलगाडी जायला लागली, गडी घेऊन यायचा. मग एका रविवारी गाडी हाकत ते स्वतःच आले, तुम्हाला दारात उतरवलं, आणि आत येऊन आईला म्हणाले, "ह्या बाई काय सोडायच्या न्हाईत. पुढच्या साली जाऊ दे तिला जालन्याला." शिट्टी नाही, हेडफोन नाही, काही नाही. भावकीला त्यांनी काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही.

पुढच्या जूनमध्ये तुम्ही परतूर स्टेशनवर मला गाडीत बसवायला आलात आणि फडक्यात गुंडाळलेली तुमची सोल्डरिंगची इस्त्री माझ्या मांडीवर ठेवलीत. "माझ्या कच्च्या जोडापायी तुझं वर्ष गेलं. तुझे जोड पक्के कर." तेवढ्यात गाडी हलली. पुढं बी.एस्सी.ला गेले तरी तुमचं तेच. कुणी ओळखीचं भेटलं की तुम्ही सांगायचात, "ही खरं म्हणजे एक वर्ष पुढं असती. माझ्यामुळं मागं आहे." मला तेव्हा याचा कंटाळा यायचा. शेवटच्या वर्षाला दिवाळीचा फराळ घेऊन मी तुमच्याकडं आले, जिना चढायच्या आधीच काकू दारात आल्या आणि म्हणाल्या, "अगं, बाई गेल्या की." सुट्टीत भावाकडं गेलात, कावीळ झाली, आणि हैदराबादलाच सगळं आटोपलं. कुणी कुणाला कळवलं नाही. मी डबा काकूंच्या हातात दिला आणि स्टेशनवर जाऊन बसले.

उत्तर मला पुढच्याच वर्षी सापडलं. नुसतं एक वर्ष, बाई. एम.एस्सी.चा वर्ग, सर फळ्यावर काढत होते आणि मी बाकावरच ताठ झाले. तुम्हाला सांगते तसं त्या सरांना आलं नव्हतं सांगता. दोन पोरी दोरी धरून उभ्या आहेत आणि एक जण दोरी हलवते. आडवी हलवली तर लाट आडवी झुलते, उभी हलवली तर उभी. रेडिओची लहरसुद्धा अशी एका दिशेत झुलत येते. आपली तार तिच्या झुलण्याच्या दिशेत असली तर तार तिला पकडते, आणि ती तारेला काटकोनात झुलत आली तर तारेला काही म्हणजे काही कळत नाही. आता आयनांबरात ते सुटे इलेक्ट्रॉन, आणि वरून पृथ्वीचं चुंबकत्व. दोन्ही मिळून लहरीचं झुलणंच फिरवतात. ती आत शिरते आडवी आणि बाहेर पडते तिरपी, उभी, पुन्हा आडवी. उपग्रह सरकतो तसा वाटेतला थर बदलतो, तसं हे फिरणंही बदलत जातं. म्हणून शिट्टी चढायची आणि बुडायची. आणि आपल्याकडं उपग्रह डोक्यावरून जरा उत्तरेला आला की हे फिरणं मंदावतं. तेव्हा लहर तारेच्या दिशेत असली तर बराच वेळ छान ऐकू येतं, आणि काटकोनात असली तर बराच वेळ ठणठणाट. उपग्रह स्वतःही गिरक्या घेत असणार, त्याचाही हात असेल थोडा, पण जोडाचा नव्हता. पूर्व-पश्चिम तारेला दक्षिणोत्तर आणखी एक तार जोडीला हवी होती, बस. एक गप्प झाली की दुसरी बोलली असती. काकूंनी ती लावून दाखवली होती, नुसती पहिली तेवढी काढायला नको होती.

सर तास संपवून गेले तरी मी तिथंच. शेजारच्या मुलीनं विचारलं काय झालं, मी म्हणाले, "आमच्या बाईंचा जोड कच्चा नव्हता." तिला काय कळणार. मला उठून धावत जाऊन सांगायचं होतं आणि सांगायला कुणी नव्हतं. तेव्हापासून हे असंच आहे. या विषयात काहीही नवीन कळलं की पहिलं मनात येतं, बाईंना सांगू, आणि मग आठवतं. लोक म्हणतात काळ गेला की कमी होतं. माझं काही कमी झालेलं नाही. आज मी तुमच्या त्या वेळच्या वयाला येऊन टेकलेय आणि मला तुमची आठवण पोरकट म्हणावी इतकी येते. तुम्ही समोर बसावं, हे सगळं मी फळ्यावर काढावं, तुम्ही मधेच अडवून दोन खोचक प्रश्न विचारावेत, आणि मग एकदाचं म्हणावं, "बराबर." दुसरं काही नको.

एक गोष्ट मात्र समोर असतात तर बोलले असते की नाही, शंकाच आहे. त्या दिवशी तुम्ही जोड कापला नसतात, नुसत्या थांबला असतात, तर मिनिटा-दोन मिनिटांत शिट्टी आपोआप परत आली असती. वडिलांनी ऐकली असती आणि त्याच जूनमध्ये मी जालन्याला गेले असते. हे कळल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं, आणि तुमच्यासाठी वाटलंही. पण तुम्ही जे वर्ष गेलं गेलं म्हणून आयुष्यभर हळहळलात, ते मला माझ्या सगळ्या वर्षांपेक्षा जास्त हवं आहे. माझ्यासाठी फाट्यापासून इतकं कुणी कधी चाललं नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही. मी मनातल्या मनात त्या माळवदावर पुष्कळदा जाते. वडील टोपी मांडीवर घेऊन बसलेत, शिट्टी बुडत चाललीय, तुमचा हात पकडीकडं जातोय. मला आता सगळं ठाऊक आहे. बांबूचे दोन डबे फिरवले की काम झालं, आणि डबे माझ्या पायाशीच आहेत. दर वेळी मी त्यांना हात लावत नाही, बाई. गप उभी राहते आणि शिट्टी बुडू देते.